खोट्या शपथेचे सोमवार

एका गिऱ्हाईक बाईंचा मोतिया रंगाचा ब्लाउज घडी घालून पिशवीत टाकत होते, तेवढ्यात अस्तरावर बोटाएवढा काळपट डाग दिसला. हुकपट्टीच्या अगदी आत. बाहेरून कोणाला दिसला नसता, पण घालणारीला पहिल्याच दिवशी दिसला असता. त्या बाईंच्या घरी लग्न होतं आणि दुपारी त्या ब्लाउज न्यायला येणार होत्या.

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. मशीनचं काम माझं, हाताचं आईचं. हुक लावणं, काज करणं, तुरपाई. बाबा गेल्यावर मी नवऱ्यासह ह्या माहेरच्या घरी आईजवळ राहायला आले आणि खरं सांगायचं तर तिच्या तुरपाईमुळे माझी अर्धी गिऱ्हाइकं टिकून आहेत. टाका कुठे पडला ते उलटून पाहिलं तरी सापडत नाही.

"आई, हा डाग कायचा?"

तिने चष्मा नाकावर घेतला, अस्तर उजेडात धरलं, नीट पाहिलं. "मशीनचं तेल असन."

मशीनचं तेल मी अर्धं आयुष्य पुसत आले आहे. मी अस्तर नाकाशी नेलं. गूळ करपल्यासारखा, तंबाखूचा वास. हा वास मी पाळण्यात असल्यापासून ओळखते.

"आई, हा गुडाखू आहे."

"गुडाखू कुठून येईन? मी तर सोडला ना." इतक्या शांतपणे म्हणाली की क्षणभर मलाच वाटलं, आपलं नाक बिघडलं.

रायपूरबाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा, चिकट लगदा. छोट्या गोल डबीत मिळतो, कुठल्याही पानठेल्यावर. बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायचा. चक्कर आल्यासारखं होतं, मग बरं वाटतं, मग पोट साफ होतं, असं घासणाऱ्या सांगतात. इथे दारू पिणारी बाई चारचौघांत बदनाम होते, पण गुडाखू घासणारी कोणाच्या डोळ्यावर येत नाही. सकाळी अंगणात पायरीवर बसून घासणाऱ्या बायका मी लहानपणी गल्लीभर पाहिल्या आहेत.

आई वर्ध्याकडच्या गावातून लग्न होऊन इथे आली, तेव्हा तिला तंबाखूचा वासही सहन होत नव्हता म्हणे. माझ्या जन्मानंतर दाढ दुखायला लागली. शेजारच्या घरात तिच्याच वयाची एक छत्तीसगढी सून होती, तिने चिमूटभर काढून दिलं. दाढ थांबली, गुडाखू थांबला नाही. ती शेजारीण पुढे आईची जन्माची मैत्रीण झाली. मी तिला चाची म्हणते.

बाबांना हे आवडत नसे, म्हणून आई बाबा ड्यूटीवर गेल्यावर घासायची. तेव्हा ते लपवणं मला खेळासारखं वाटायचं. पण गेल्या वर्षी आईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तिखट लागलं की ती तोंड धरायची. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी एकही ब्लाउज धड कापला नाही. कॅन्सर नव्हता. पण डॉक्टरांनी आम्हां दोघींना समोर बसवून सांगितलं की हा चट्टा उद्या काय होईल त्याची खात्री नाही, आणि तंबाखू सुरू राहिला तर मी काही करू शकत नाही.

"कबसे लेते हो, माताजी?" त्यांनी विचारलं.

"मैं? मैं तो छूती भी नहीं," आई म्हणाली. तोंडात चट्टा, बोटाचं नख काळं, आणि समोर डॉक्टर.  मीच मग सगळं सांगितलं.  घरी आल्यावर आई म्हणाली, "परक्या माणसापुढे मायची इज्जत काढली तू."

त्या संध्याकाळी तिने स्वतःहून डबी माझ्या हातात दिली. मी ती नालीत फेकली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझी शपथ. आजपासून बंद." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुण्याला भावाला फोन करून सांगितलं, "सुटलं बाबा एकदाचं." तोही खूश झाला.

आणि आता मोतिया अस्तरावर हा डाग.

मी भांडले नाही, कारण वेळ नव्हता. स्कूटी काढून पंडरीच्या कापडबाजारात गेले, त्याच रंगाचं अस्तर शोधत चार दुकानं फिरले, परत येऊन आख्खा ब्लाउज उसवला. आई शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. मध्येच म्हणाली, "असं तेल गळणारं मशीन बदलून टाक ना आता." मी कात्री खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसापासून मी शोधायला लागले. ती अंघोळीला गेली की तिची उशी, तिचं कपाट, तिची पिशवी. डब्या सापडत गेल्या. तांदळाच्या कोठीत एक. बाबांच्या फोटोमागे एक, हार घातलेल्या फोटोमागे. तुळशीच्या कुंडीत मातीखाली एक, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. प्रत्येक वेळी नवीन उत्तर असायचं. "जुनी असन, राहून गेली." "मले काय माहीत, कोणी ठेवली." तांदळातल्या डबीबद्दल तर ती म्हणाली की कीड लागू नये म्हणून ठेवली आहे. मी हसले, नाइलाज होऊन. तीही हसली. मग मला इतका संताप आला की मी तांदळाची कोठी पालथी केली आणि दोघींनी दुपारभर तांदूळ गोळा केले.

मला चीड व्यसनाची नव्हती. म्हणजे होती, पण खोट्याची होती तेवढी नाही. लहानपणी मी डब्यातला चिवडा खाऊन "मी नाही खाल्ला" म्हटलं होतं, तेव्हा ह्याच बाईने मला दारात उभं करून दोन रट्टे दिले होते आणि बजावलं होतं, "चिवड्याचं नाही मारलं, खोट्याचं मारलं." गिऱ्हाईक विसरून गेलेली टिकलीची पाकिटंसुद्धा ती जपून परत देते. आणि तीच माझ्याकडे पाहून, पापणी न हलवता, सरळ खोटं बोलते. मी तिच्या प्रत्येक वाक्यावर संशय घ्यायला लागले. "जेवली का?" "हो." खरंच जेवली का? "कुठे गेली होती?" "देवळात." कोणत्या देवळात? सासूशी कधी वागले नाही तशी मी आईशी वागायला लागले.

भावाला सांगायचे तर तो म्हणायचा, "अगं, मी बोललो तिच्याशी. ती म्हणते सोडलंय. तू उगाच मागे लागतेस तिच्या. वय झालंय, जरा प्रेमाने घे."

"तू येऊन घे ना प्रेमाने."

"आता तू चिडतेस. म्हणूनच ती घाबरते तुला."

फोन स्पीकरवर असायचा. आई पलंगावर बसून मान हलवायची, जणू तिला माझ्या स्वभावाची फार काळजी वाटते.

एकदा नाश्त्याच्या वेळी मी स्वतःच्या बटणांच्या डब्यात हात घातला. मोत्याची बटणं हवी होती. हाताला आली गुडाखूची डबी. माझ्याच डब्यात, माझ्याच मशीनवर. तिला कळलं होतं की मी सगळं घर धुंडाळते, फक्त स्वतःच्या वस्तूंमध्ये बघत नाही. हे तिचं डोकं दुसऱ्या कुठल्या कामी आलं असतं तर!

"आई, आता काय सांगशील?"

ती पोहे चाळत होती. हात थांबला नाही. "ती तुझ्या चाचीची आहे. काल बसायला आली होती ना, विसरून गेली."

"चाचीची डबी माझ्या बटणांत?"

"मीच टाकली. तुले दिसली असती तर तू मलेच म्हटलं असतं."

 मी चाचीकडे गेले. भांडायला नाही. डबी परत करायला. खरं म्हणजे मला तिच्या तोंडून "मेरी नहीं है" ऐकायचं होतं. चाची ओसरीवर बसून लसूण सोलत होती. मी डबी पुढे केली. "चाची, ये आपका रह गया था हमारे यहाँ."

तिने डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मग तिने हात पुढे केला. "हव बेटी, मेरा ही है. भूल गई थी. उमर हो गई ना." आणि डबी कमरेला खोचली.

मी घरी आले आणि आईची माफी मागितली. ती उदार होऊन म्हणाली, "जाऊ दे. मायवर विश्वास ठेवत जा." त्या दुपारी तिने माझ्यासाठी शिरा केला.

त्याच सुमारास आईने सोमवार धरले होते. पूर्ण निर्जळी नाही, पण संध्याकाळपर्यंत फक्त पाणी आणि चहा. तिला साखरेचा त्रास आहे. मी रागावले. "कोणासाठी करून राहिली हे उपास? बाबा तर आता नाहीत."

"असंच. मन म्हणते."

"डॉक्टर नाही म्हणाले."

"डॉक्टरले काय कळते सोमवारचं."

एका सोमवारी तिला घेरी आली. ती मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि खाली बसली ती उठेचना. मी धावले, चाचीला हाक मारली. दोघींनी मिळून तिला आत आणलं. मी साखरपाणी करायला वळले. आईचं तोंड पुसायला चाचीने पदर घेतला आणि तशीच थांबली. आईच्या ओठांच्या कोपऱ्यात काळं होतं. हिरड्यांवरही. उपाशी पोटी घासून ती उन्हात कपडे वाळत घालत होती.

आई शुद्धीवर होती. साखरपाणी प्यायली, पडून राहिली. पहिलं वाक्य काय बोलली? "मंजन केलं होतं, काळं मंजन."

मी काही बोलायच्या आतच चाची बोलली. ती कधी मोठ्याने बोलत नाही. तेव्हाही बोलली नाही.

"बस, दीदी. अब बस. मैं और झूठ नहीं बोलूँगी."

मग ती माझ्याकडे वळली. डबी तिची नव्हती. तिने गुडाखू केव्हाच सोडला होता, तिच्या धाकट्या बहिणीचा जबडा कापावा लागला आणि तरीही ती वाचली नाही, तेव्हा. आईला ठाऊक होतं. आई तिच्या बहिणीच्या तेराव्याला गेली होती. तरीही आईने तिचं नाव पुढे केलं, आणि चाचीने ते घेतलं.

"मैंने ही पहली बार दिया था इसको," चाची म्हणाली. "तो किस मुँह से मना करती? मैंने सोचा, मेरा नाम लगता है तो लगे."

"आणि हे सोमवार कायचे?" मी विचारलं, आईला की चाचीला, मलाही माहीत नाही.

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. चाचीच म्हणाली, "तेरे सिर की झूठी कसम खाई थी ना. तेरे को कुछ हो न जाए, इसलिए सोमवार रख रही है."

मी तिथेच खाली जमिनीवर बसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली, आणि ती शपथ मला बाधू नये म्हणून साखरेचा त्रास असताना उपास धरले, आणि उपासाच्या पोटी पुन्हा तेच घासलं. एवढं सगळं केलं. एक सोडायचं तेवढं केलं नाही. ह्यावर रडावं की ओरडावं, मला कळेना. कोणी म्हणेल, केवढं ते आईचं प्रेम. त्या क्षणी मला त्या प्रेमाचा इतका राग आला की मी हातातला पेला भिंतीवर फेकणार होते. स्टीलचा होता, नुसता आवाज झाला असता. नाही फेकला.

"उपास सोडून दे," मी म्हटलं. "मला काही होत नाही. होणार असेल तर ह्या गुडाखूने तुलेच होईन."

 आईने राग माझ्यावर काढला नाही, चाचीवर काढला. दुसऱ्या दिवसापासून चाचीशी बोलणं बंद. चाची दारात आली की आई आतल्या खोलीत जायची. इतक्या वर्षांची मैत्रीण, बाळंतपणं एकमेकींची केलेली, आणि तिचा गुन्हा काय, तर ती खरं बोलली. "घरातली गोष्ट तिने बाहेर काढली," आई म्हणायची. मी म्हणायचे, "आई, ती घरातच बोलली. मलाच बोलली." उपयोग नाही. दुपारच्या वेळी दोघी आपापल्या ओसरीवर बसायच्या, मध्ये एक बुटकी भिंत, आणि एकमेकींकडे पाठ. मला दोघींची दया यायची आणि मग लगेच आईचा राग यायचा.

मी भावाला फोन केला आणि ह्या वेळी स्पीकर बंद ठेवला. जे घडलं ते सरळ सांगितलं.  तो म्हणाला, "मग आता करायचं काय?" पहिल्यांदाच त्याने मला हा प्रश्न विचारला.  निदान तो प्रश्न आता आमच्या दोघांचा झाला होता. त्याने तंबाखू सोडवणाऱ्या एका दवाखान्याची चौकशी केली, मी आईला तिथे घेऊन गेले. त्यांनी चघळायच्या गोळ्या दिल्या. त्या तिने आठवडाभर घेतल्या, नंतर उरलेल्या मला पलंगाच्या गादीखाली सापडल्या, पाकिटासकट.

त्या दिवशी मी तिच्यासमोर बसले. खूप दिवसांनी न ओरडता बोलले.

"आई, आजपासून मी शोधणार नाही. उशी नाही, कोठी नाही, काही नाही. सोडलं का म्हणून विचारणारही नाही. म्हणजे तुले खोटं बोलायचं कारण नाही. पण तुझ्यासाठी मीही खोटं बोलणार नाही. भावाने विचारलं तर खरं सांगीन. डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगीन. आणि दर तपासणीले तू यायचं."

"म्हणजे तू मले सोडून दिलं," ती म्हणाली.

"तुले नाही. शोधणं सोडलं."

"तेच ते."

तिला हे समजलं नाही. कदाचित मलाही नीट समजलं नव्हतं. मी फक्त थकले होते. तिच्या मागे घर धुंडाळताना माझी गिऱ्हाइकं तुटत होती, मी नवऱ्यावर विनाकारण खेकसत होते.

पुढे काही दिवस ती मला तपासत राहिली, मी खरंच शोधत नाही ना ते. मुद्दाम पिशवी उघडी टाकायची. मी बघायचे नाही. मग एका सकाळी मी मागच्या अंगणात ब्रश करायला गेले तर ती पायरीवर बसली होती, डबी शेजारी उघडी, बोट तोंडात. तिने मला पाहिलं. बोट काढलं नाही. मीही परत फिरले नाही. दोघी आपापले दात घासत उभ्या-बसल्या राहिलो.

इतके महिने मी ह्याच एका गोष्टीसाठी भांडले होते, की जे आहे ते माझ्यासमोर असू दे. ते समोर आलं आणि मला बघवेना. खोटं होतं तेव्हा निदान एखाद्या सकाळी तरी वाटायचं की असेल, सोडलं असेल. आता तेही गेलं. मी चूळ भरली आणि आत येऊन मशीनवर बसले. टाका वाकडा पडला, उसवला, पुन्हा वाकडा पडला.

गेल्या महिन्यात तपासणी होती. चट्टा होता तसाच आहे, वाढला नाही, कमीही झाला नाही. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "माताजी, लेते हो अभी?"

मी तोंड घट्ट मिटून बसले. ती सांगेल ते सांगू दे, असं मनाशी ठरवलं होतं.

"लेती हूँ," आई म्हणाली. "कम किया है. दिन में दो बार."

पहिली दोन वाक्यं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. तिसरं ऐकलं आणि पुन्हा तोच संताप मस्तकात गेला. दोनदा! सकाळी उठल्यावर, नाश्त्यानंतर, जेवण झालं की, संध्याकाळी दिवे लावायच्या आधी. मी तिथेच राहते ना.

"इससे ज़्यादा लेती है, डॉक्टर साहब," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा दारात उभी, चिवड्याच्या डब्यापाशी. डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

ऑटोत बसल्यावर मी म्हटलं, "अर्धं खरं सांगितलं तर पूर्ण सांगायले काय जात होतं?"

"तू आहेस ना उरलेलं सांगायले," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

तेलीबांध्याच्या वळणावर गर्दी होती, ऑटो थांबून थांबून चालला होता. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. खड्डा आला की ती माझा गुडघा पकडायची, खड्डा गेला की सोडायची. घराजवळ आलो तर चाची तिच्या दारात उभी होती, रिपोर्ट काय आला ते विचारायला. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. पण ती घाईने दाराकडेही गेली नाही. पायरीवर टेकली आणि मला म्हणाली, "सांग तिले काय म्हणाले डॉक्टर."

"तूच सांग," मी म्हटलं, आणि कुलूप उघडायला पुढे झाले.